हळदीला टिकणारा प्रिंटर

हिराजीनाना म्हात्र्यांच्या हातात लग्नाची पत्रिका दिली, की ते आधी बोट जिभेला लावायचे आणि ते ओलं बोट वधूवरांच्या नावांवरून घासायचे. मग बोट उजेडाकडे धरून बघायचे. बोट कोरं निघालं तर पत्रिका उलगडायची. बोटाला रंग लागला, तर देणाऱ्याकडे असं बघायचे की त्याला आपण शिळा पेढा दिल्यासारखं वाटावं. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना दिली, तेव्हा भावाचं निम्मं नाव नानांच्या बोटावर आलं.

"शाई कच्ची हाय, बाय," ते म्हणाले. "लगीन पक्का हाय ना?"

मी तेव्हा अंबरनाथ पूर्वेला एक छोटं ऑफिस चालवत होते. एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांच्या कामगारांचे प्रॉव्हिडंट फंडाचे कागद करून द्यायचे, हे माझं काम. पहिल्या मजल्यावरचा एक गाळा, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि दात खाल्ल्यासारखा आवाज करत छापणारा एक जुना प्रिंटर, एवढा माझा पसारा. गाळा नानांचा. बदलापूर गावातलं त्यांचं घर आगऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या भातशेतीचं. बारवीच्या रस्त्याकडची शेती बिल्डरकडे गेली आणि नानांच्या वाट्याला अंबरनाथमधला एक गाळा आणि भरपूर रिकामा वेळ आला. गाळा त्यांनी मला भाड्याने दिला. रिकामा वेळ फुकट दिला. रोज सकाळी माझ्याआधी येऊन ते दाराजवळच्या खुर्चीत बसत आणि संध्याकाळी माझ्याबरोबरच निघत. त्यांना हुद्दा नव्हता, पण पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट आणि गळ्यातली जाड चेन बघून येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांनाच नमस्कार करायचा. मी त्यांची टायपिस्ट आहे, असं बऱ्याच जणांना वाटायचं. नानांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

नानांच्या बोलण्यात एकच शब्द सतत असायचा. फंक्शन. मी जरा बरी साडी नेसून आले, की "आज कनचा फंक्शन?" लेबर ऑफिसर तपासणीला यायचा असला, की "आज सायबाचा फंक्शन हाय, बिस्किटा आनून ठेवू का?" बदलापूर ते अंबरनाथ या पट्ट्यातल्या आगऱ्यांच्या एकाही हळदीला, साखरपुड्याला किंवा बारशाला नाना गैरहजर नसत. मात्र एक नियम होता. हातात पत्रिका आल्याशिवाय ते कुठे जात नसत. फोनवरचं बोलावणं, रस्त्यात भेटून दिलेलं आमंत्रण, "नाना, तुम्ही घरचेच" वगैरे त्यांच्या लेखी शून्य. "पत्रिका नाय, त मानूस नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्याकडच्या पत्रिका असतातही बघण्यासारख्या. नवरानवरी कुठेतरी वर दोन ओळींत उरकतात आणि खाली नुसती नावंच नावं. काके, मामे, आते, सरपंच, माजी सरपंच, क्रिकेट टीमचा कॅप्टन. नाना ती नावं खालून वर वाचायचे. कोण कुणाच्या आधी लागलंय, कुणाला 'श्री.' आहे आणि कुणाला 'कै.', हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्याला कारण होतं. त्यांच्या गावात एका हळदीच्या पत्रिकेत प्रेसवाल्याने एका चांगल्या धडधाकट चुलत्याच्या नावाला 'कै.' लावलं होतं. चुलता मांडवात आला, खुर्चीवर बसला आणि पानाला हात लावेना. "मी मेलेला मानूस. मना जेवान कसा चालंल?" एवढंच म्हणत राहिला. शेवटी नानांनी पेन मागवून प्रत्येक पाहुण्याच्या हातातल्या पत्रिकेवर 'कै.' खोडून 'श्री.' केलं, तेव्हा चुलत्याने मटणाला हात लावला. ही गोष्ट मी नानांकडून इतक्या वेळा ऐकली, की तो चुलता मला माझाच वाटायला लागला होता.

एवढा फंक्शनांचा माणूस, पण त्याच्या स्वतःच्या घरी फंक्शन नव्हतं. बायको वारलेली. एकच मुलगी, वनिता. कॉलेजात असताना ती नानांचा डबा घेऊन आमच्या ऑफिसात यायची, म्हणून मी तिला ओळखत होते. तिने उल्हासनगरच्या एका सिंधी मुलाशी, विजयशी, कोर्टात जाऊन लग्न केलं. जीन्स शिवण्याचा त्याचा छोटासा कारखाना होता. माणूस चांगला होता, हे नानांनाही मान्य होतं. त्यांचं दुःख निराळंच होतं. "मना पत्रिका नाय आली," ते एकदाच म्हणाले आणि त्यानंतर त्या विषयावर गप्प झाले. कोर्टाच्या लग्नाची पत्रिका नसते, हे त्यांना कोण सांगणार? पत्रिका नाही म्हणून ते लेकीकडे जात नव्हते, आणि बोलावल्याशिवाय लेक येत नव्हती. उल्हासनगर काही लांब नाही, शेअर रिक्षात बसलं की आलंच. तरी चार वर्षं दोघांनी एकमेकांना बघितलं नव्हतं, असं मी समजत होते.

अशात एका कारखान्याने मला त्यांच्या कंत्राटी कामगारांची ओळखपत्रं करून देशील का, असं विचारलं. फोटो हवा, तोही रंगीत. शिवाय झेरॉक्ससाठी खाली, फॅक्ससाठी स्टेशनजवळ अशी पायपीट करून मी कंटाळलेच होते.

"नाना," मी म्हणाले, "आपण एक मल्टीफंक्शन प्रिंटर घेऊ या."

नानांनी पेपर खाली ठेवला. "काय फंक्शन?"

"मल्टीफंक्शन. एकाच मशिनमध्ये सगळी फंक्शनं."

"सगली?"

"सगळी."

"मोठी पन, बारकी पन?"

मला वाटलं, ते कागदाचा आकार विचारतायत. "मोठी पण, बारकी पण."

"रंगीत?"

"रंगीतच घ्यायचा."

नाना खुर्चीतून पुढे सरकले. "आन एकच कागद पायजे आसंल तर? प्रेसवाला शंभराच्या खाली हात नाय लावत."

"एक पाहिजे तर एक काढायचा. मशिन आपलं, कोण विचारतंय?"

"एक पन निंगतो," नाना स्वतःशीच म्हणाले आणि त्या दिवशी पेपर परत उचललाच नाही.

माझ्या डोक्यातली फंक्शनं होती छपाई, झेरॉक्स, स्कॅन आणि फॅक्स. नानांच्या डोक्यातली होती साखरपुडा, हळद, लग्न आणि बारसं. 'मल्टी' या शब्दाबद्दल मात्र आमचं पूर्ण एकमत होतं. हा घोटाळा मला पुढे कळला. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्यानंतर नाना जे वागले त्याचा माझ्याइतका ताप तुम्हाला होणार नाही.

खरेदीला नाना बरोबर येणार हे ठरलेलंच होतं. कल्याणला मोठी दुकानं होती, पण नानांना कल्याण चालेना. अंबरनाथ चालेना. "उल्हासनगर, कॅम्प नंबर चार," असं ते ठामपणे म्हणाले. उल्हासनगरच्या त्या भागात हरेश नावाच्या एका गोऱ्यापान सिंधी सेठचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळकुट आणि मागे छतापर्यंत खोके.

"बोलो साईं," हरेश म्हणाला.

"मल्टी पायजे," नाना म्हणाले.

हरेशने मशिन सुरू करून नमुन्याचा कागद काढून दाखवला. त्या काळात कुठल्याही रंगीत प्रिंटरचा नमुना म्हणजे एक पोपट असायचा. हिरवा, लाल चोचीचा, टवटवीत पोपट. मला पोपट आवडला. नानांनी खिशातून स्टीलची एक छोटी डबी काढली. तिच्यात एका खणात हळद, एका खणात कुंकू. हरेशच्या बाटलीतलं पाणी झाकणात घेऊन त्यांनी हळद कालवली आणि पोपटाच्या डोक्यावर तिचा टिळा लावला. मग कुंकू लावलं. मग आम्ही सगळेजण पोपटाकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने पोपटाचा हिरवा रंग ओघळून चोचीत उतरला.

"याचा पोपट झाला," नाना म्हणाले. "दुसरा काढ."

"अंकल, ये क्या पूजा कर रहे हो?"

"टेस्टिंग."

बाहेर पडल्यावर मी नानांना झापलं. "ओळखपत्राला हळद कोण लावतं, नाना?"

"लागली तर?"

पत्रिका देताना तिच्या कोपऱ्यांना ओली हळद आणि कुंकू लावतात, तो रिवाज आमच्याकडेही आहे. पण ओळखपत्राला? मग माझ्या मनात आलं, कामगारांच्या खिशात घाम असतोच, ओल्याला टिकणारी शाई असलेली बरी. म्हणून मी गप्प बसले आणि नानांचं फावलं. पुढचे तीन महिने आम्ही जमेल त्या रविवारी कॅम्प चारला जात होतो. हरेश नवं मशिन आलं की फोन करायचा, आम्ही जायचो, एक पोपट रंगून निघायचा आणि हळद लागली की रडायला लागायचा. हरेशही आता आधीच बशीत पाणी काढून ठेवायला लागला होता.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. टिळा लावून झाला की नाना मशिनकडे पाठ करून दुकानाच्या दारात उभे राहायचे. "नाना, हे बघा ना, याला झाकण पण आहे," मी म्हणायचे.

"तू बग. मना रस्ता बगाचा हाय."

रस्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. फर्निचरचे टेम्पो, पाणीपुरीवाला, समोरच्या गल्लीच्या तोंडाशी एक तीन मजली इमारत, तिच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बाई आली आणि दोरीवरच्या जीन्स काढायला लागली. नाना झटकन आत वळले आणि भिंतीकडे तोंड करून हरेशला मोठमोठ्याने वॉरंटी विचारायला लागले. मी बाहेर बघितलं. वनिता होती. थोडी भरली होती, पण वनिताच.

म्हणजे तीन महिने पोपट रडत होते ते यासाठी. नानांना विचारलं असतं तर त्यांनी कॅम्प चारला यायचंच सोडलं असतं. म्हणून मी हरेशला म्हणाले, अजून एखादं मशिन बघू या.

पण पुढच्याच खेपेला घात झाला. हरेशने जो पोपट काढला त्याला नानांनी हळद लावली, कुंकू लावलं, वर चार थेंब जास्त पाणी टाकलं. पोपट ढिम्म. हरेशने सांगितलं, या मशिनमधली शाई वेगळी असते, वाळली की पाण्याने हलत नाही. नानांनी बोट जिभेला लावून घासलं. बोट कोरं. नाना पोपटाकडे बघत राहिले. खूश व्हावं की आता इथे यायला निमित्त उरलं नाही म्हणून वाईट वाटून घ्यावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"यो घेऊ," अखेर ते म्हणाले.

मशिन आलं त्या दिवशी नाना कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत हजर. टेबलावर नवं कापड, झेंडूचा हार, नारळ, पेढे. हरेशचा मेकॅनिक, चष्मेवाला शांत माणूस, त्याने वायरी जोडल्या आणि एकेका बटणावर बोट ठेवून सांगितलं, "ये प्रिंट, ये स्कॅन, ये कॉपी, ये फॅक्स. चार फंक्शन."

"आन हलदीचा?" नानांनी विचारलं.

"हल्दी का क्या?"

"हलदीचा बटन. हलद, बारसा, साखरपुडा. मल्टी बोलला ना तुमी?"

मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं. मला हसू फुटणार होतं, ते नानांच्या चेहऱ्याकडे बघून आतच राहिलं. नाना वाकून मशिनच्या दोन्ही बाजू तपासत होते, मागे कुठे बटण राहिलं असेल म्हणून. मग ते दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. कुठल्याही मांडवात मी त्यांना इतकं मागे बसलेलं बघितलं नव्हतं.

मेकॅनिकला पेढा देऊन मी वाटेला लावलं. "नाना, बटण नसतं," मी म्हणाले. "पण पत्रिका निघते. मी टाइप करते, तुम्ही सांगा. कशाची काढू?"

नाना बराच वेळ चेनशी चाळा करत राहिले.

"वनीची," ते म्हणाले. "हलद."

"नाना, तिच्या लग्नाला चार वर्षं झाली. आता हळद कशी?"

"लगीन कोर्टान लावला. हलद कोर्टान लावली का? ती र्‍हायलीच हाय ना."

मी कॉम्प्युटर चालू केला.

"प्रेसवाल्याकडं नाय जायाचा मना," नाना म्हणाले. "त्याला शंभर पायजेत. मना दोनच पायजेत. एक देवाला. एक तिला."

मी टाइप करायला बसले. वर एकवीरा आईचं नाव, कडेला हळदीच्या पिवळ्या रंगाची चौकट. तो पिवळाही त्यांनी तीनदा बदलायला लावला. एक आंब्याचा होता, एक रिक्षाच्या टपाचा, तिसरा पास झाला. वनिताच्या आईचं नाव आलं तेव्हा मी थांबले.

"'कै.' लिव," नाना म्हणाले. "चूक नको."

मग वनिताचं नाव. लग्न व्हायच्या मुलीला पत्रिकेत 'चि. सौ. कां.' लावतात आणि लग्न झालेलीला नुसतं 'सौ.' हे नानांनीच मला शिकवलं होतं. "काय लावू?" मी विचारलं. "हळद व्हायची आहे म्हणजे चि. सौ. कां.?"

दुसऱ्यांच्या पत्रिकांत हजार चुका काढणारा माणूस अडला. एकदा खिडकीकडे, एकदा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिला.

"सौ. लिव," नाना म्हणाले. "सौ. वनिता विजय लालवानी." आडनाव मी विचारलंही नव्हतं. ते त्यांनी इमारतीखालच्या पाटीवर वाचलं असणार.

राहिलं शेवटचं, 'आपले नम्र'. म्हात्र्यांच्या पत्रिकेत इथे निम्मं गाव बसतं. नानांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि थांबले. भावांना त्यांनी विचारलं नव्हतं, आणि न विचारता कुणाचं नाव टाकायचं नाही, हा त्यांचाच नियम. पत्रिकेच्या त्या जागेवर एकच नाव फार उघडं दिसत होतं.

"तुजा टाक," ते म्हणाले.

"माझं? नाना, मी जाधव. म्हात्र्यांच्या पत्रिकेत मी कोण?"

"हलद लावाला कोन तरी बाई नको?"

मी माझं नाव टाइप केलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते मशिनवर पडलं असतं तरी शाई हलली नसती, हे आम्ही तपासून घेतलं होतं. दोन पत्रिका निघाल्या. नानांनी दोन्हींवरून बोट फिरवलं, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, एक मशिनच्या हाराखाली ठेवली, देवाची म्हणून, आणि एक खिशात.

रविवारी आम्ही कॅम्प चारला उतरलो. हरेश दुकानातून ओरडला, "आओ साईं, नया मॉडेल आया है," आणि नाना त्याच्याकडे न बघता रस्ता ओलांडून गेले. जिना चढताना ते निमंत्रणाचं वाक्य पुटपुटत होते, लेकीसह जावईबापूंनी अगत्याने यावं वगैरे. वनिताने दार उघडलं, तिच्या हाताला कणिक लागली होती, आणि नानांचं वाक्य जे गेलं ते गेलंच. त्यांनी नुसती पत्रिका पुढे केली.

वनिताने हात पदराला पुसून पत्रिका घेतली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पत्रिका तिने उलगडली नाही. तिने बोट जिभेला लावलं आणि 'सौ. वनिता' यावरून हलकेच घासलं. मग ते बोट जिन्यातल्या उजेडाकडे धरून बघितलं.

"पक्की हाय, बाबा," ती म्हणाली.

"तपासून घेतली," नाना म्हणाले, आणि भिंतीला हात टेकवून चपला काढायला लागले.